पेत्र कुणाच्या ताटावरून उठला? जाफा ते यरुशलेम

आम्ही दोघी बहिणी नगरच्या, घरात तीन पिढ्यांपासून बायबल वाचलं जातं. ताई तर निवृत्त होईपर्यंत संडे स्कूल घेत होती. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक तिला जवळजवळ पाठ आहे. त्यामुळे इस्राएलला जायचं ठरलं तेव्हा नेहमीच्या बेथलेहेम-नासरेथच्या टूरऐवजी आम्ही एकच धागा धरला, तो म्हणजे पहिल्या शतकातलं येशूच्या अनुयायांमधलं ते मोठं भांडण. त्यातली मुख्य माणसं तीन: येशूचा प्रमुख शिष्य पेत्र, परराष्ट्रीयांत प्रचार करणारा पौल आणि येशूचा भाऊ याकोब. येशूला मानणाऱ्या परराष्ट्रीयांनी (म्हणजे यहुदी, ज्यू नसलेल्यांनी) सुंता करायची का, मोशेचं नियमशास्त्र पाळायचं का, आणि जे पाळत नाहीत त्यांच्याबरोबर जेवायला बसायचं का. नोव्हेंबर निवडला कारण ऊन कमी असतं. व्हिसा, तिकिटं सगळं नीट झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सोमवार, जाफा

तेल अवीवला सामान टाकून बसने जाफा. बायबलमधलं यापो ते हेच. जुन्या जाफातल्या गल्ल्या दगडी, अरुंद, आणि त्यांना राशींची नावं दिलेली आहेत. वळणं घेत खाली उतरत गेलं की दीपगृहाजवळ एक बंद दार लागतं, तेच शिमोनाचं घर असं सांगतात. आत जाता येत नाही, खासगी आहे, आणि आत्ताची इमारत अर्थात पहिल्या शतकातली नाहीच. तरी आम्ही बराच वेळ तिथे उभ्या होतो.

हा शिमोन कातडी कमावणारा. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध, वर वास. मिश्नात, म्हणजे यहुद्यांच्या जुन्या नियमसंग्रहात, स्पष्ट नियमच आहे की कातडी कमावण्याची जागा गावापासून पन्नास हात लांब हवी आणि तीही गावाच्या पूर्वेलाच. अशा माणसाच्या घरी पेत्र मुक्कामाला होता. म्हणजे छतावर ते दर्शन (पुढे सांगते) होण्याआधीच पेत्र अर्धा उंबरठा ओलांडून आला होता असं मला वाटतं. आपल्याकडे गावाबाहेर कोणाची घरं असायची आणि कोण कोणाच्या घरचं पाणी पीत नसे हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मग ते दर्शन. दुपारी बाराची वेळ, पेत्राला भूक लागलेली, खाली स्वयंपाक चाललेला आणि आकाशातून चार कोपरे धरलेली चादर खाली येते. तिच्यात सगळ्या तऱ्हेचे प्राणी, शुद्ध अशुद्ध सगळे. मारून खा असा आवाज. पेत्र म्हणतो, छे, मी आजवर निषिद्ध काही खाल्लेलं नाही. तीनदा असं होतं आणि तेवढ्यात दारात कैसरियाहून माणसं येतात. रोमी शताधिपती कर्नेल्याने पाठवलेली. वरच्या चौकातल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये वेदीच्या वर याच दर्शनाचं चित्र आहे, ते जरूर बघा.

जेवण बंदराजवळ. दोन हॉटेलं शेजारी शेजारी, एकाच्या काचेला कोशरचं, म्हणजे यहुदी आहारनियम पाळल्याचं सर्टिफिकेट आणि दुसऱ्याच्या पाटीवर कोळंबी आणि माकुल. ज्यू नियमात पंख आणि खवले असलेलेच मासे चालतात म्हणून पहिल्याकडे ते मिळणार नाही. आम्ही हुमुस (वाटलेल्या काबुली चण्यांचं) घेतलं, गरम, वर ऑलिव्ह तेल आणि बाजूला कच्चा कांदा. कांद्याच्या पाकळीनेच हुमुस उचलून खायचं, असं वेटरने करून दाखवलं. ताईला इतकं आवडलं की संध्याकाळी परत तेच.

जाफाच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात, त्यामुळे चपला नकोत, ग्रिपवाले बूट घाला. आणि रवकाव हे प्रवासाचं कार्ड पहिल्याच दिवशी घ्या, बस ट्रेन दोन्हीला चालतं.

मंगळवार, कैसरिया

ट्रेनने बिन्यामिना स्टेशन आणि तिथून टॅक्सी. टॅक्सीवाल्याशी परतीचं आधीच ठरवून ठेवा, नंतर शोधायला त्रास होतो. पाण्याच्या दोन बाटल्या हव्यातच, नोव्हेंबरातही समुद्राकाठचं ऊन चटकतं.

कैसरिया यहुद्यांचा राजा हेरोद याने वसवलेलं. बंदर, नाट्यगृह, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आणि थेट समुद्रात घुसलेल्या खडकावरचा राजवाडा. नाट्यगृहात 1961 साली पिलाताचं, म्हणजे येशूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या रोमी सुभेदाराचं नाव कोरलेला दगड सापडला, पुढे कुणीतरी तो पायरी म्हणून वापरला होता. तिथे आता नक्कल आहे, मूळ यरुशलेमच्या म्युझियममध्ये.

पण आम्ही आलो होतो कर्नेल्यासाठी. पेत्र यापोहून सहा भाऊबंद सोबत घेऊन इथे आला, साक्षीला माणसं असावीत म्हणून असणार. आणि घरात शिरता शिरताच तो म्हणतो की परक्या जातीच्या माणसाकडे यहुद्याने जाणं योग्य नाही हे तुम्हाला माहीतच आहे. तरी तो आत जातो. मग सुंता न झालेल्या त्या माणसांवर पवित्र आत्मा उतरतो आणि पेत्र त्यांचा बाप्तिस्मा होऊ देतो. यरुशलेमला परतल्यावर लोक त्याला विचारतात ते बघा. तू त्यांचा बाप्तिस्मा का केलास असं कोणी विचारत नाही, तू सुंता न झालेल्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्याबरोबर जेवलास असं विचारतात! ताईने हे वाक्य राजवाड्याच्या अवशेषांत बसून मोठ्याने वाचलं. शेजारी एक ब्राझिलियन जोडपं थांबलं, त्यांना मराठी कळत नव्हतं पण बायबल बघून तेही बसले आणि त्यांनी तोच अध्याय पोर्तुगीजमध्ये वाचला.

याच शहरात पुढे पौल दोन वर्षं कैदेत होता. आणि इ.स. 66 मध्ये इथेच सभास्थानाच्या (यहुद्यांच्या प्रार्थनाघराच्या) दारात कोणीतरी त्यांना खिजवायला उलट्या भांड्यावर पक्ष्यांचा बळी दिला, त्यावरून यहुदी आणि ग्रीक यांच्यात पेटलं आणि पुढे रोमविरुद्धचं युद्ध सुरू झालं. त्या काळचा यहुदी इतिहासकार जोसेफस लिहितो की कैसरियात एका दिवसात वीस हजारांवर यहुदी मारले गेले. आकडा जरा वाढवून सांगितलेला असेलही. पण पेत्र-पौल-याकोबाचं भांडण वाचताना ही हवा विसरून चालत नाही. सुंता आणि शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिवस) या लोकांसाठी नुसते रीतीरिवाज नव्हते, साम्राज्यात विरघळून जायचं की उरायचं हा प्रश्न होता.

एक गंमत मात्र सापडली. नंतरच्या काळातल्या सरकारी कचेरीच्या मोझेइक फरशीवर पौलाच्या रोमकरांस पत्रातलं वाक्य लिहिलंय, अधिकाऱ्याची भीती नको असेल तर चांगलं वाग. ज्या गावात कोठडीत ठेवलं तिथेच सरकारने त्याचं वाक्य पायाखाली बसवलं.

बुधवार, लोद आणि रमला

पेत्र यापोला आला तो लोदहून, बायबलमध्ये लोद नावाने ते येतं. गाव आज साधं आहे, सेंट जॉर्जचं चर्च आणि त्याला लागूनच मशीद. तासाभरात बघून आम्ही रमलाला गेलो, तिथे बुधवारी बाजार मोठा भरतो असं ऐकलं होतं.

बाजारात मसाल्याच्या एका दुकानासमोर मी ताईला म्हटलं, कढीपत्ता बघ किती ताजा आहे गं. तर मागून आवाज आला, "कुठच्या गं तुम्ही पोरींनो?" सत्तरी ओलांडलेल्या बाई, डोक्याला रुमाल, हातात पिशवी. नगरच्या म्हटल्यावर म्हणाल्या, मी पेणची. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांपैकी. लहानपणी आई-वडिलांबरोबर बोटीने आलेल्या, मराठी अजून कोकणी हेल असलेली आणि मध्येच हिब्रू. आम्ही त्यांना मावशी म्हणायला लागलो आणि अर्ध्या तासात त्यांच्या घरी जेवायला. नको म्हणायची सोयच नव्हती.

स्वयंपाकघर नीट बघितलं मी. यहुदी नियमात मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नाही. ओट्याच्या डाव्या बाजूला निळ्या मुठीच्या सुऱ्या, चमचे, पातेली, ती दुधाची. उजवीकडे लाल मुठीची, ती मटणाची. घासायचे स्पंजसुद्धा वेगळे. कोंबडीचा रस्सा नारळाच्या दुधातला, त्यात दह्याचा थेंब नाही, वर कोथिंबीर, सोबत भात आणि लिंबाचं लोणचं. चव अगदी अलिबागकडची. जेवण झाल्यावर चहा आला तो कोरा, पुदिना घातलेला. मी सवयीने दूध आहे का विचारणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "कोंबडी खाल्लीस ना आत्ता, आता दूध काही तास नाही. माझ्या आजीने पेणला कधी दिलं नाही, मी काय देणार."

मग त्या बोलत राहिल्या. कोकणात त्यांच्या आधीच्या पिढ्या तेलाचे घाणे चालवायच्या, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांच्यापाशी शास्त्री-पंडित नव्हते, तोराची (मोशेच्या नियमशास्त्राची) पोथी नव्हती, बराच काळ हिब्रूही विसरलेली, शमा ही प्रार्थना तेवढी पाठ. उरलं काय होतं तर मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवार, खवले नसलेला मासा न खाणं, आणि मलिद्याचा धार्मिक विधी. एवढ्यावर त्यांनी शेकडो वर्षं काढली. आणि इथे आल्यावर साठच्या दशकात लग्नाच्या वेळी धर्मगुरूंच्या कचेरीतून विचारणा, तुमचे पूर्वज खरंच यहुदी होते का, आई कोण, आजी कोण. त्यांच्या भावाचं ठरलेलं लग्न त्यात अडकलं. बेने इस्राएल लोकांनी आंदोलनं केली, यरुशलेमला धरणं धरली, आणि ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) ठराव केला की हे सर्वार्थाने यहुदी आहेत. "आम्ही शनिवार सोडला नाही म्हणून आम्ही राहिलो," मावशी म्हणाल्या, "आणि इथे येऊन आम्हालाच पुरावा."

मला तिथे एकदम नियमशास्त्र धरून राहणारा याकोब समजला. आम्ही लहानपणापासून पौलाच्या बाजूने शिकलेलो, नियमशास्त्र म्हणजे जोखड, त्यातून सुटका म्हणजे ख्रिस्त. पण ज्या माणसांना वाटत होतं की हे सोडलं तर आपण उरणार नाही, ती संकुचित नव्हती. त्यांना माहीत होतं की ताटात काय आहे त्यावर एक अख्खा समाज टिकतो.

रमलात पांढरा मनोरा आणि 789 सालचं भूमिगत पाण्याचं टाकं आहे, त्यात होडीतून फिरवतात. वेळ असेल तर बघा, आमचा सगळा वेळ मावशींकडे गेला आणि त्याचं काही वाईट वाटत नाही.

गुरुवार, यरुशलेम

तेल अवीवहून ट्रेन साधारण अर्ध्या तासात पोचवते, आणि स्टेशन इतकं खोल आहे की सरकते जिने संपता संपत नाहीत. बाहेर आलो तर पाऊस, गार वारा, किनाऱ्यावरचं उकडणं कुठच्या कुठे. स्वेटर हवाच.

दुपारी सियोन डोंगरावरची माडीवरची खोली, येशूचं शेवटचं जेवण झालं असं मानतात ती. आत्ताची कमानदार खोली क्रुसेडरांच्या काळातली, तुर्कांच्या काळात मशीद झाली त्यामुळे भिंतीत मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा) आहे, आणि खालच्या मजल्यावर दाविदाची कबर म्हणून यहुदी प्रार्थना करतात. खालची जुनी भिंत यहुदी ख्रिस्ती लोकांच्या सभास्थानाची असावी असं काही अभ्यासक म्हणतात, काहींना ते पटत नाही.

यरुशलेमची ती सभा साधारण इ.स. 49 ची. अंत्युखियाहून (आजच्या तुर्कस्तानातल्या शहरातून) पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा आले. बरोबर तीत, जो ग्रीक होता आणि ज्याची सुंता करायला पौलाने साफ नकार दिला. परूशी या काटेकोर यहुदी पंथातून आलेले काही विश्वासणारे म्हणत होते सुंता हवीच. पेत्राने कर्नेल्याचं सांगितलं. शेवटी निवाडा दिला याकोबाने, येशूच्या भावाने, जो इथल्या मंडळीचा प्रमुख होता. सुंता नको, पण चार गोष्टी टाळा. मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म. बायबलच्या लेवीय या पुस्तकात इस्राएलात राहणाऱ्या परदेशीयांसाठी जे नियम आहेत त्यांच्याशी हे बरंच जुळतं. म्हणजे तुम्ही यहुदी होऊ नका पण आमच्या शेजारी बसता येईल एवढं सांभाळा, असं काहीसं.

आमच्या घरी दर गणपतीत हाच प्रश्न येतो, शेजारच्या काकू मोदक घेऊन येतात, तो प्रसाद खायचा की नाही. वडील म्हणायचे प्रेमाने दिलंय, खा. आजी हात लावत नसे. करिंथकरांना पौल लिहितो की मूर्ती काही नाही, पण तुझ्या खाण्याने दुसऱ्याचं मन दुखावत असेल तर खाऊ नकोस. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीची ही सभा मला कधी जुनी वाटलीच नाही.

आणि तरीही मिटलं नाही. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत होता, याकोबाकडून काही माणसं आली आणि तो पंगतीतून उठला. हळूहळू बाजूला झाला. बाकीचे यहुदी उठले, बर्णबासुद्धा उठला. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं, गलतीकरांस पत्रात दुसऱ्या अध्यायात त्याने स्वतःच लिहिलंय. हे सभेच्या आधी घडलं की नंतर यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पेत्र काय म्हणाला ते पौलाने लिहिलेलं नाही, आणि मला तेच ऐकायचं होतं.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी सकाळी मखाने यहुदा बाजारात जा, पाय ठेवायला जागा नसते. शब्बाथची वेणी घातलेली पावं, ऑलिव्हचे ढीग, रुगेलाख (गुंडाळी केलेली गोड बिस्किटं) गरम गरम. पण दुपारनंतर सगळं भराभर बंद होतं आणि सूर्यास्ताआधी भोंगा वाजतो. शनिवार रात्रीपर्यंत ट्रेन नाही, बहुतेक बस नाहीत. दोन दिवसांचं खाणं, फळं, पाणी शुक्रवारीच घेऊन ठेवा. शब्बाथला वीज चालू-बंद करायची नाही म्हणून हॉटेलच्या एका लिफ्टला बटण दाबावं लागत नव्हतं, ती आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत होती. ताई त्यातूनच गेली, म्हणाली एक दिवस पाळून बघू. फोनही बंद ठेवला तिने.

शनिवारी इस्राएल म्युझियम उघडं असतं, तिकडे टॅक्सीने. तिथे एक तुटका दगड आहे, मोठा नाही. यरुशलेमच्या तेव्हाच्या यहुदी मंदिराच्या आवारात एक कठडा होता, त्याच्या आत परराष्ट्रीयांना बंदी, आणि कठड्यावर ग्रीकमध्ये इशारे की आत सापडेल तो आपल्या मरणाला स्वतः जबाबदार. त्यातल्या एका इशाऱ्याचा हा तुकडा, 1935 साली सापडलेला. अख्खा दगड 1871 मध्ये मिळाला होता तो इस्तंबूलला आहे. तुकड्यावरच्या अक्षरांच्या खाचांत लाल रंगाचे अंश अजून दिसतात, काचेला नाक लावून बघितलं तेव्हा दिसले. म्हणजे लांबून वाचता यावं म्हणून रंगवलेलं होतं.

याच कठड्यापायी पौल पकडला गेला. तो शेवटचा यरुशलेमला आला तेव्हा याकोब त्याला म्हणाला, इथे हजारो यहुदी विश्वासणारे आहेत, सगळे नियमशास्त्राचे कडवे अभिमानी, आणि त्यांनी ऐकलंय की तू सुंता सोडायला शिकवतोस. चौघांचा नवस आहे, त्यांचा खर्च तू कर, म्हणजे लोकांना कळेल. आणि पौलाने केलं! ज्या पौलाने तीताची सुंता होऊ दिली नाही त्यानेच आई यहुदी असलेल्या तीमथ्याची सुंता केली होती, हे आम्हाला संडे स्कूलमध्ये घाईत सांगून पुढे जायचे. तो स्वतः यहुदीपण टाकत नव्हता, ते परक्यांवर लादायला त्याचा विरोध होता. पण इफिसच्या त्रफिमाला त्याने कठड्याच्या आत नेलं अशी आवई उठली, जमाव धावून आला, दारं बंद झाली आणि रोमी सैनिकांनी त्याला ओढून काढलं.

पुढे तीनशे वर्षांनीही हे संपलं नव्हतं. 386-87 मध्ये अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम हा ख्रिस्ती धर्मगुरू ख्रिस्ती लोकांनी सभास्थानात सणाला जाऊ नये म्हणून फार विखारी प्रवचनं देत होता. म्हणजे साधी माणसं जातच होती ना! त्या प्रवचनांचा आधार घेऊन नंतर यहुद्यांवर जे झालं ते वाचवत नाही. एका घरातला वाद दोन घरांतलं वैर झाला, आणि आपण ख्रिस्ती लोकांनी हे मान खाली घालून वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

रविवार

मंदिराच्या टेकडीवर (आता इथे अल-अक्सा मशीद आहे) मुसलमानेतरांना ठराविक वेळातच, मुघ्राबी दरवाजाने सोडतात, शुक्रवार-शनिवार बंद. अंग झाकणारे कपडे, बायबल-क्रूस सामानात नको, आणि रांगेत लवकर उभं राहा. रांगेपाशी रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) कचेरीची पाटी आहे की या जागेच्या पावित्र्यामुळे तोरानुसार इथे प्रवेश निषिद्ध आहे. आदल्या दिवशी म्युझियममध्ये तो दगड बघून आलेलो, पाटी वाचून आम्ही दोघी थबकलो. ताई म्हणाली मी नाही जात. मी एकटी जाऊन आले.

मग दक्षिणेकडच्या पायऱ्या. पहिल्या शतकातल्या, एक रुंद एक अरुंद अशा, आणि खाली खडकात खोदलेली शुद्धीस्नानाची कुंडं. पेत्र, पौल, याकोब सगळे याच वाटेने कधी ना कधी वर गेले असणार.

दुपारी आर्मेनियन भागातलं सेंट जेम्स कथीड्रल, जेम्स म्हणजे याकोबच. ते प्रार्थनेच्या वेळीच थोडा वेळ उघडतं, आधी चौकशी करा. दाराबाहेर लाकडाची फळी टांगलेली, घंटेऐवजी ती ठोकतात. आत छतापासून लोंबणारे असंख्य दिवे आणि परंपरेप्रमाणे वेदीखाली याकोबाची कबर. इ.स. 62 मध्ये महायाजक हननाने त्याला नियमशास्त्र मोडल्याच्या आरोपावरून दगडमार करून मारलं. जोसेफस म्हणतो, नियमशास्त्राबद्दल काटेकोर असलेल्या लोकांनाच ते खटकलं आणि हननाचं पद गेलं. याकोबानंतरही यरुशलेमच्या मंडळीचे पुढारी सुंता झालेलेच होते, चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस अशा पंधरा बिशपांची नावं देतो. 135 मध्ये बार कोखबाचं रोमविरुद्धचं यहुदी बंड मोडल्यावर रोमी सम्राट हाद्रियानने यहुद्यांना शहरात यायलाच बंदी केली, आणि त्यानंतरचा बिशप मार्क, तो परराष्ट्रीय. सभेत जे मतांनी सुटलं नाही ते रोमच्या सैन्याने असं सोडवलं.

जायचं असेल तर निघण्याआधी कृत्यांमधले 10, 11, 15 आणि 21 हे अध्याय आणि गलतीकर 2 एका बैठकीत वाचून काढा, जागा आपोआप जुळत जातात. याच क्रमाने फिरा, आधी किनारा, मग यरुशलेम, आणि शब्बाथ यरुशलेममध्येच येईल असं बघा. आणि रमलाचा बुधवार चुकवू नका, बाजारात मोठ्याने मराठी बोला.